क्रेडिट कार्डानें घरबसल्या खरेदी : शेतकऱ्यानें घ्यावयाची खबरदारी

मृगाच्या तोंडावर एखाद्या वस्तूची निकड पडली नाहीं असा शेतकरी विरळा. कोणाच्या फवारणीच्या पंपाची बॅटरी बसलेली असते, कोणाच्या ठिबकाच्या नळ्या उंदरांनीं कुरतडलेल्या असतात, तर कोणास मोटारीचा स्टार्टर तातडीनें हवा असतो. पूर्वीं अशा वस्तूसाठीं पालम किंवा सोनपेठकडील शेतकऱ्यास गंगाखेडास अथवा परभणीस, आणि तेथेंही न मिळाल्यास नांदेड किंवा जालन्यापर्यंत जावें लागे. कामाचा एक दिवस मोडे, एस.टी.चें भाडें पडे तें निराळेंच. आतां तीच वस्तु मोबाइलवर पाहून मागवितां येते आणि चार-सहा दिवसांत ती गांवांत येऊन पडते. ही सोय मोठी आहे व ती घेऊं नये असें सांगण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. परंतु या खरेदीचे पैसे देण्यासाठीं जें क्रेडिट कार्ड आपल्या कित्येक बंधूंच्या खिशांत आलें आहे, त्याची रीतभात त्यांस कोणीं नीट समजावून दिलेली आढळत नाहीं. तेवढ्यापुरती माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांस नाण्याची पारख करावी लागत असे. १९४८ पूर्वींच्या निजामी अमलांत आपल्याकडे हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडील बाजारांत कलदार रुपया; दोहोंच्या बट्ट्याचा हिशेब साध्या कुणब्यासही तोंडपाठ असे, आणि रुपया दगडावर वाजविल्याखेरीज कोणी कंबरेला लावीत नसे. कार्डाच्या व्यवहारांत वाजवून पाहण्यासारखें कांहीं हातीं लागत नाहीं. येथें नाणें खोटें नसतें, मागणारा खोटा असतो. त्यामुळें पारख करावयाची ती मागणाऱ्याची, व ती पैसे सुटण्यापूर्वीं.

दोन कार्डें, दोन जाती

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘किसान क्रेडिट कार्ड’ या नांवांत ‘क्रेडिट कार्ड’ हे शब्द असल्यामुळें पुष्कळांची अशी समजूत होते कीं, तें व खरेदीचें क्रेडिट कार्ड हीं एकाच जातीचीं. तसें नाहीं. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालीं सुरू झाली. तें पीककर्जाचें खातें होय. जमिनीचें क्षेत्र व पीक पाहून बँक मर्यादा ठरविते आणि हातांत दिलेलें रुपे कार्ड ही त्या खात्याची केवळ किल्ली असते. २०२५-२६ सालीं तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जास शेंकडा ७ हा दर असून, वेळेवर फेड करणारास शेंकडा ३ ची सूट मिळून तो ४ वर येतो. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ त्याहून निराळा.

खरेदीच्या क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी आहे. येथें आपण वस्तु घेतली कीं दुकानदारास बँक पैसे देते, महिन्याच्या ठराविक तारखेस बिल काढते, आणि पुढें थोड्या दिवसांची मुदत देऊन सर्व रक्कम एकदम मागते. मुदतींत पूर्ण रक्कम भरली तर व्याज कांहीं नाहीं. न भरली तर मात्र बहुतेक कार्डांवर दरमहा शेंकडा तीन ते पावणेचार असें व्याज चढतें, आणि तें खरेदीच्या दिवसापासून मोजतात. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. हा आकडा दिसावयास फार गोड, पण त्याच्या पोटांत काय आहे तें पाहावें. समजा, वीस हजारांची बाकी आहे, व्याज दरमहा शेंकडा साडेतीन आहे आणि किमान रक्कम शेंकडा पांच म्हणजे एक हजार रुपये आहे. महिन्याचें व्याज ७०० रुपये, त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर १२६ रुपये. म्हणजे आपण भरलेल्या हजारांतील ८२६ रुपये तेथेंच जिरले व मुद्दल कमी झालें तें १७४ रुपयांनीं. वर्षभर वीस हजार तसेच राहिले तर नुसतें व्याज ८,४०० रुपये होतें. तीच रक्कम वेळेवर फेडलेल्या पीककर्जाची असती तर व्याज ८०० रुपये झालें असतें. सावकारीला नांवें ठेवणाऱ्या आपल्या पिढीनें हा दर एकदां पाटीवर मांडून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. नोकरदारास दरमहा पगार येतो व कार्डाचें बिलही दरमहा येतें. दोहोंचा मेळ बसतो. आपला पैसा सोयाबीन निघाल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि कापूस मानवत किंवा सेलूच्या बाजारांत गेल्यावर हिंवाळ्यांत येतो. जूनमध्यें घेतलेल्या वस्तूचें बिल जुलैंत दारांत उभें राहतें, तेव्हां रान नुकतेंच खुरपणीस आलेलें असतें. म्हणून ज्याच्या घरीं दुधाचा, दुकानाचा किंवा नोकरीचा दरमहा येणारा पैसा आहे, त्यानेंच खरेदीचें क्रेडिट कार्ड ठेवावें. इतरांनीं तें न ठेवलेलें बरें. मेळाव्यांत किंवा मोटारसायकलच्या दुकानांत कोणी फुकट कार्ड म्हणून सही मागूं लागला तर सही करूं नये. संमतीवांचून कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसेंच २०२२ च्या नियमांप्रमाणें, बाकी नसलेलें कार्ड बंद करण्याची मागणी आल्यास बँकेनें तें सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावें, न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास ५०० रुपये कार्डधारकास द्यावे, असें ठरलें.

आतां सुरक्षिततेच्या दृष्टीनें या दोन कार्डांचा विचार करूं. किसान कार्डाच्या खात्यांत साऱ्या हंगामाची पुंजी एके ठिकाणीं असते. बी, खत, मजुरी सर्व त्यांतच. शिवाय ती पुंजी आपली नसून कर्जाची असते. चोरानें ती नेली तर पैसा त्याचा होतो आणि कर्ज आपल्या नांवावर राहतें. सातबाऱ्यावरील बोजाही तसाच राहतो. म्हणून आमचें स्पष्ट सांगणें असें कीं, किसान कार्डाचा आंकडा इंटरनेटवरील कोणत्याही दुकानांत घालूं नये. त्या कार्डावर ऑनलाइन व्यवहाराची सोय चालू असेल तर शाखेंत जाऊन ती बंद करून घ्यावी. घरबसल्या खरेदीसाठीं निराळें लहान बचत खातें काढून त्याचें डेबिट कार्ड वापरावें आणि त्यांत खरेदीपुरतेच पैसे ठेवावे. क्रेडिट कार्डच वापरावयाचें असेल तर बँकेस अर्ज करून त्याची मर्यादा दहा-वीस हजारांवर आणून ठेवावी. बँक आपण होऊन मर्यादा वाढवूं पाहते तेव्हां ‘नको’ म्हणण्यास आपणांस कोणाची हरकत नाहीं.

कार्डावरील आंकडे

कार्डाच्या दर्शनीं भागावर बहुधा सोळा आंकडे असतात. आरंभीचे आंकडे कोणत्या जाळ्याचें व कोणत्या बँकेचें कार्ड तें सांगतात. शेवटचा आंकडा मागील सर्व आंकड्यांवरून एका विशिष्ट गणितानें काढलेला असतो, म्हणजे टंकतांना एखादा आंकडा चुकला तर यंत्रास तें ताबडतोब कळावें. अमेरिकेंतील हान्स पीटर लून या गृहस्थानें हें गणित बसविलें आणि १९६० सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. याखेरीज कार्डाची मुदत संपण्याचा महिना व साल, आणि बहुधा मागच्या बाजूस तीन आंकड्यांची एक गुप्त संख्या, जिला सीव्हीव्ही म्हणतात, एवढें कार्डावर छापलेलें असतें. दूरच्या दुकानदारास कार्ड प्रत्यक्ष दिसत नाहीं. हे आंकडे सांगणारा तो कार्डाचा मालक, इतकेंच तो धरून चालतो. तेव्हां कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठविणें म्हणजे पेटीची किल्ली पाठविण्यासारखें आहे.

केवळ छापील आंकड्यांवर विसंबणें धोक्याचें म्हणून रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांस आणखी एक खूण सक्तीची केली. बहुतेक ठिकाणीं ही खूण म्हणजे मोबाइलवर येणारा एक वेळेचा सांकेतांक, ओटीपी होय. हा सांकेतांक ज्या संदेशांत येतो तो संदेश शेतकरी बंधु वाचीत नाहींत, फक्त आंकडे उचलतात. हीच चूक पुष्कळ वेळां भोंवते. त्या संदेशांत किती रुपये व कोणाच्या नांवें जाणार हें बहुधा लिहिलेलें असतें. तेवढी ओळ वाचावी.

या ओळीचें महत्त्व प्रस्तुत लेखकास स्वानुभवानें पटलें आहे. घरबसल्या मागविलेल्या फवारणी पंपाची नळी पहिल्याच आठवड्यांत फुटली. बिल शोधण्याचा कंटाळा करून विक्रेत्याचा मदत-क्रमांक आम्हीं इंटरनेटवर शोधला व जो पहिला दिसला त्यावर फोन लाविला. पलीकडील माणूस अत्यंत अदबीचा होता. ‘दादा, काळजी करूं नका, नवा पंप पाठवितों, केवळ पांच रुपये नोंदणीचे भरा,’ असें म्हणून त्यानें एक दुवा पाठविला. पांच रुपयांसाठीं कोण विचार करतो? कार्डाचे आंकडे, मुदत, सीव्हीव्ही सर्व आम्हीं भरलें. ओटीपी आला तेव्हां चष्मा जवळ नसल्यामुळें सुनेस तो वाचावयास सांगितलें. तिनें आंकडे वाचण्याऐवजीं विचारलें, ‘मामंजी, साडेएकोणीस हजारांचें काय घेतां आहां?’ फोन तेथेंच ठेवला. मग बँकेस कळवून कार्ड बंद करविलें. बिल सांपडल्यावर पाहिलें तों खरा क्रमांक त्यावर ठळक छापलेला होता.

यावरून घ्यावयाचें तें हें, कीं मदतीचा क्रमांक बिलावरून, खोक्यावरून किंवा ज्या ॲपवरून माल मागविला त्याच ॲपमधून घ्यावा. शोधून काढूं नये. शोधपत्रांत आपला क्रमांक वर आणणें ठकास अवघड नसतें. तसेंच पैसे परत मिळण्यासाठीं ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधींही लागत नाहीं. पिन हा पैसे जाण्याच्या दाराचा आहे, येण्याच्या नव्हे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडतां येऊं लागलें आहे. त्यामुळें ‘हा चौकोन स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असें सांगणाराच्या जाळ्यांत आतां बचत खात्याबरोबर उधारीची मर्यादाही सांपडूं शकते.

आणखी एक प्रकार आहे. फोनवरील माणूस एखादें ॲप उतरवून घ्या म्हणतो, ज्यामुळें आपल्या फोनाचा पडदा त्यास दिसूं लागतो. किंवा गांवाच्या व्हॉट्सॲप गटांत ‘पीएम-किसान यादी’ अशा नांवाची, शेवटीं ‘एपीके’ अशीं अक्षरें असलेली फाइल येते. ती उघडून बसविली म्हणजे आपल्याकडे येणारे ओटीपीचे संदेश परभारें ठकाकडे जाऊं शकतात. मग आपण कोणास कांहीं सांगितलें नाहीं तरी उपयोग होत नाहीं. फाइल पाठविणारा आपला भाचा किंवा सरपंच असला तरी ती उघडूं नये, कारण त्याच्या फोनांतून ती त्याच्या नकळत निघालेली असूं शकते.

दुकान खरें कसें ओळखावें

पडद्यावर पत्त्याच्या जागीं कुलपाची खूण असली म्हणजे दुकान खरें, अशी एक समजूत आहे. ती निम्मी खरी आहे. त्या खुणेचा अर्थ इतकाच कीं, आपला मजकूर वाटेंत कोणास वाचतां येणार नाहीं. लखोटा लाखबंद आहे, पण तो ज्याच्या नांवें टाकला तो साव कीं चोर हें लाख सांगत नाहीं. त्यासाठीं पत्ता वाचावा लागतो, आणि तो उजवीकडून वाचावा. प्रारंभींच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढील पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जो भाग, त्याचें शेपूट पाहावें. डोक्याकडे ‘किसान’, ‘कुसुम’, ‘पीएम’ असे कोणतेही शब्द कोणासही घालतां येतात. शेपटांत मात्र तशी मोकळीक नाहीं. रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखालीं आणण्यास सांगितलें, आणि हा शेवट बँकांखेरीज कोणास दिला जात नाहीं. सरकारी कचेऱ्यांचा शेवट बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. महावितरणासारख्या संस्थेचा पत्ता या प्रकारांत बसत नाहीं. तो आपल्या वीजबिलावरून उतरून घ्यावा.

सौर पंपाच्या बाबतींत हें विशेष सांगणें जरूर आहे. पीएम-कुसुम योजना २०१९ सालीं सुरू झाल्यापासून तिच्या नांवाचीं खोटीं संकेतस्थळें निघालीं आणि नोंदणी शुल्क म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार घडले. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानें त्याविषयीं वेळोवेळीं जाहीर इशारे दिले आहेत. या फसवणुकीस शेतकरी बळी पडतो याचें कारण तो भोळा आहे असें नव्हे. योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीच्या शेंकडा १० व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यास शेंकडा ५ हिस्सा खरोखरच भरावयाचा असतो. त्यामुळें पैशाची मागणी आली तर ती त्यास अस्वाभाविक वाटत नाहीं. ज्यानें अर्ज करून वर्ष झालें आहे त्यास तर ‘तुमचा नंबर लागला’ हा निरोप अमृतासारखा वाटतो. निरोप आल्यास त्यांतील दुव्यावरून जाऊं नये. महावितरण किंवा महाऊर्जा यांच्या स्थळावर स्वतः जाऊन आपला अर्ज-क्रमांक घालून पाहावा, अथवा उपविभागाच्या कचेरींत विचारावें.

बियाणें व औषधें यांची खरेदीही आतां याच मार्गानें होऊं लागली आहे. कीटकनाशकांच्या नियमांत नोव्हेंबर २०२२ मध्यें दुरुस्ती होऊन परवानाधारक विक्रेत्यास ई-बाजारांतून माल विकण्याची मोकळीक मिळाली. पण परवाना विक्रेत्यास असावा लागतो, म्हणून ॲपच्या नांवावर न जातां विक्रेत्याचें नांव, पत्ता व परवाना पाहावा. बियाण्याच्या पिशवीवरील लॉट-क्रमांक बिलावर आला पाहिजे. उगवण झाली नाहीं तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढें तेंच बिल कामास येतें. बिलावांचून आलेल्या स्वस्त पिशवीची दाद कोठेंच लागत नाहीं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें बियाणें घरपोंच देतों म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर प्रथम विद्यापीठाकडे चौकशी करावी. परभणी आपल्याला परदेश नाहीं.

सोय बंद ठेवून वापरणें

जी युक्ति सर्वांत सोपी व सर्वांत कमी वापरली जाते ती आतां सांगतों. जानेवारी २०२० मध्यें रिझर्व्ह बँकेनें असा हुकूम काढला कीं, नवें कार्ड देतांना तें देशांतील एटीएम व दुकानांतील यंत्र एवढ्यापुरतेंच चालू असावें. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार व नुसतें टेंकवून पैसे देणें या सोयी कार्डधारकानें मागितल्यासच खुल्या व्हाव्या, आणि त्या केव्हांही बंद-चालू करण्याचें व प्रत्येकीस रकमेची मर्यादा घालण्याचें साधन त्याच्या हातीं असावें. त्याप्रमाणें बँकेच्या ॲपमध्यें हीं बटणें मिळतात. विहिरीवरची मोटर आपण पाणी द्यावयाचें तेव्हांच चालू करतों. कार्डाची ऑनलाइन सोयही खरेदीच्या पांच मिनिटांपुरती चालू करावी व लगेच बंद करावी. मग आंकडे चोरास मिळाले तरी कार्ड निजलेलें असतें. परदेशी व्यवहाराचें बटण तर बंदच असूं द्यावें. परदेशांतील कित्येक दुकानें वर सांगितलेली दुसरी खूण मागतच नाहींत व नुसत्या आंकड्यांवर पैसे जाऊं शकतात.

‘पुढील वेळेसाठीं कार्ड जपून ठेवूं काय?’ असें दुकान विचारतें. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांस कार्डाचा खरा आंकडा आपल्या दप्तरीं ठेवण्याची बंदी आहे. त्याऐवजीं त्या दुकानापुरता एक बदली सांकेतांक ठेवला जातो. त्यामुळें हा धोका पूर्वींइतका राहिलेला नाहीं. तरी वर्षांतून दोनदां खरेदी करणारानें ‘नको’ म्हणावें. आपल्याकडे खरा धोका निराळाच असतो. कित्येकजण गांवांतील मोबाइलच्या दुकानदाराकडून किंवा शेजारच्या पोराच्या फोनावरून माल मागवितात, आणि कार्ड त्या फोनांत राहून जातें. खरेदी आपल्याच फोनावरून करावी. दुसऱ्याची मदत घेतली तरी आंकडे व ओटीपी स्वतःच्या बोटानें घालावे. अनोळखी दुकानाच्या बाबतींत माल आल्यावर पैसे देण्याची सोय असल्यास तीच पत्करावी, आणि खोकें फोडतांना मुलास फोनावर चित्रण करावयास सांगावें. पंपाऐवजीं वीट निघाली तर तेवढा पुरावा पुरतो.

पैसे गेलेच तर

येथें मात्र वाचकांनीं थोडें थांबून लक्ष द्यावें. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सहकारी बँकांपुरत्या दुसऱ्या परिपत्रकानें, ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा घालून दिली. बँकेचीच कसूर असेल तर ग्राहकावर कांहीं नाहीं. बँक व ग्राहक दोघांचीही कसूर नसतां मध्येंच तिसऱ्यानें पैसे नेले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळविलें, तरीही ग्राहकावर कांहीं नाहीं. चार ते सात दिवसांत कळविल्यास साध्या बचत खात्यास व पांच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डास जास्तींत जास्त १०,००० रुपयांचा भार, आणि शून्य-शिल्लक मूलभूत खात्यास ५,००० चा. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणें. दिवस मोजतांना संदेश आल्याचा दिवस धरीत नाहींत. सोमवारीं संदेश आला तर, मध्यें सुटी नसल्यास, गुरुवारपर्यंत आपला हक्क शाबूत असतो. कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम बँकेनें तात्पुरती खात्यांत जमा दाखवावी व नव्वद दिवसांत निकाल द्यावा, आणि ग्राहकाची चूक होती हें सिद्ध करण्याचा भार बँकेवर असावा, असेंही त्यांत आहे. असे नियम मधून मधून बदलतात, म्हणून शाखेंत चालू नियमाची प्रत मागून ठेवावी.

आतां दुसरी बाजू. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेस कळवीपर्यंत जें गेलें तें आपलें. मात्र कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेचें. पुष्कळांचें नुकसान या दुसऱ्या वाक्याकडे दुर्लक्ष झाल्यानें वाढतें. फसलेला माणूस लाजेनें गप्प बसतो. घरांत कळलें तर काय म्हणतील, गांवांत हंसें होईल, म्हणून तो दोन दिवस कोणास सांगत नाहीं, आणि तेवढ्यांत चोर दुसऱ्या-तिसऱ्या वेळीं खात्यांत हात घालतो. शिकलेले वकील, डॉक्टर व बँकेंतील निवृत्त अधिकारीही अशा ठकांच्या हातीं सांपडलेले आहेत. तेव्हां शेतकऱ्यानेंच लाजण्याचें कारण नाहीं.

करावयाचें तें या क्रमानें. आधीं बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करावें व तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. तो फोन ठेवतांच १९३० या क्रमांकावर बोलावें. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा मदत-क्रमांक आहे. चोरलेले पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असे पळविले जातात. तक्रार लवकर पोंचली तर ज्या खात्यांत ते असतील तेथें गोठवितां येतात, उशीर झाला तर ते एटीएममधून निघून गेलेले असतात. येथें तास मोजावे लागतात, दिवस नव्हे. बोलतांना रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक व आपली बँक हीं तयार ठेवावीं. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी स्थळावर लेखी तक्रार करावी. तें स्वतःस जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यांत जावें. संदेश पुसून टाकूं नयेत. बँकेस लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. तोंडी सांगितलेलें व्यवस्थापकाच्या बदलीबरोबर जातें. तीस दिवसांत बँकेनें उत्तर दिलें नाहीं किंवा तें पटलें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें, व त्यास खर्च लागत नाहीं.

चोरी न होतां दुकानदारानेंच खोटा किंवा मोडका माल पाठविला असेल तर मार्ग निराळा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनीं अशा बाजारांवर तक्रार-अधिकाऱ्याचें नांव जाहीर करण्याची, तक्रारीची पोंच ४८ तासांत देण्याची व महिन्याभरांत तिचा निकाल लावण्याची जबाबदारी टाकली आहे. तेथें दाद न लागल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत-क्रमांक आहे, आणि त्यापुढें जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्यानें ग्राहकास आपण राहतों त्या ठिकाणींच फिर्याद लावण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीचा असो वा बेंगळुरूचा, जिंतूरच्या शेतकऱ्यास परभणीच्या आयोगापुढें उभें राहतां येतें. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस तेथें फी लागत नाहीं.

या सर्वांस लागणारा एक क्रमांक मात्र आज या क्षणीं शोधून ठेवावा, तो म्हणजे आपल्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा. तो कार्डाच्या मागेंच छापलेला असतो, पण कार्ड हरवलें म्हणजे तोही त्याबरोबर हरवतो. आमच्या घरीं तो व १९३० हे दोन्ही आंकडे दाराआडच्या भिंतीवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारीं, खडूनें लिहिलेले आहेत.